वाऱ्याची कातर

वृत्तवाहिनीत तिला सगळे चौकटताई म्हणत. हे नाव रंगभूषा करणाऱ्या काकांनी ठेवलेलं. बातम्या चालू असताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट येते आणि तिच्यात काळ्या कपड्यांतली एक बाई हात हलवत असते, ती ही. बहिऱ्या प्रेक्षकांना ती खुणांच्या भाषेत बातम्या सांगायची. "सगळ्यांत कमी जागेत सगळ्यांत जास्त राबणारी बाई," असं म्हणत काका तिच्या कपाळावर पावडर थापायचे, कारण दिव्यांखाली तिला घाम फार यायचा.

ही भाषा शिकायला ती कुठे गेली नव्हती. आई-वडील दोघंही जन्माचे बहिरे, मोठा भाऊही बहिरा. घरात ऐकू येणारी ती एकटी. तोंडाने बोलायला ती उशिरा लागली, पण हातांनी दूध मागायला पाळण्यातच शिकली होती. दारावर कोणी आलं की आईचा हात ओढायचा, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते वडिलांना सांगायचं, घरमालकाशी वाजलं की दोन्ही बाजूंचं भांडण एकटीनेच करायचं, असं तिचं लहानपण गेलं. एकदा मालकाने दिलेली एक शिवी तिने लाजून गाळली. वडिलांनी ती मालकाच्या तोंडावरूनच ओळखली आणि उलट तिलाच दटावलं, "माझ्या वाटची शिवी मला दे." तेव्हापासून तिने ठरवून टाकलं की दुसऱ्याचं बोलणं पोचवताना पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं गाळायचंही नाही.

आई-वडील गेले. दादा समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका सखल वस्तीत ताडपत्र्या शिवायचं दुकान चालवत होता. वहिनीही बहिरी. दादा थट्टेखोर आणि हट्टी, दोन्ही सारख्याच मापाने. लहानपणी पडून त्याच्या भुवईवर व्रण राहिला होता, म्हणून त्याच्या माणसांत त्याचं नावच पडलं होतं: भुवईवर टेकवलेलं बोट. आसपासचे बहिरे लोक काम आटोपून त्याच्या दुकानात जमत. बर्फाच्या कारखान्यात माल भरणारे दोन भाऊ, केशकर्तनालयातला एक कारागीर, शिवाय लाकडाला पॉलिश करणारे एक म्हातारे, ज्यांना सगळे पॉलिशबाबा म्हणत. ही मंडळी एकत्र बसून चौकटताईच्या बातम्या पाहत, आणि मग दादाची टीका व्हिडिओतून येई. "आज हात आखडलेले होते. मंत्री अडखळत होता की तू?"

त्या वर्षी समुद्रात वादळ उठलं आणि ते खाडीच्या रोखाने येऊ लागलं. हवामानखात्याचे एक शास्त्रज्ञ रोज स्टुडिओत येऊन माहिती देत. किडकिडीत, हळू बोलणारे, मधूनमधून खोकणारे. त्यांना सगळे नुसतंच साहेब म्हणत. वादळ जोर धरतंय, सखल वस्त्या रिकाम्या करा, असं साहेबांनी सांगितलं, आणि चौकटताईने ते हातांनी पोचवलं. दादाने आधी नाक मुरडलं. मग वहिनीने डोळे वटारले, तेव्हा कुठे तो आपला सगळा गोतावळा घेऊन टेकडीवरच्या कॉलेजच्या इमारतीत गेला. तिथल्या एका वर्गात अंथरुणं टाकून बसलेल्या मंडळींचा फोटो आला आणि तिला जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बातमीपत्रात साहेबांचा चेहरा थोडा सैल दिसला. वादळाचा जोर उतरतोय, असं ते म्हणाले. जमिनीकडची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरते आहे. शिवाय खाली समुद्राजवळ वारा एका दिशेने वाहतोय आणि वर उंचावर भलत्याच दिशेने. "याला विंड शिअर म्हणतात," साहेब म्हणाले. "आपण त्याला वाऱ्याची कातर म्हणू. ही कातर वादळाला मोडते आहे."

या शब्दाला तिच्याजवळ खूण नव्हती. विचार करायलाही वेळ नव्हता, कारण दुभाषी नेहमी बोलणाऱ्याच्या एक वाक्य मागे असतो आणि पुढचं वाक्य टाचेवर पाय देतच असतं. तिने डावा हात कोपरापासून ताठ उभा धरला. वरचा पंजा गरगर फिरवला, हे वादळ. उजव्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली, मनगटाशी नेली आणि कच्चकन मिटली. डावा पंजा लुळा होऊन खाली पडला. खूण झकास जमली होती. तिलाही ते जाणवलं, आणि हात चालू असतानाच मनातल्या मनात ती स्वतःवर खूश झाली.

वेळ संपत आली होती. निर्मात्याने काचेमागून बोट वर केलं. साहेबांनी घाईघाईत शेवटचं सांगितलं. "पण जोर उतरला म्हणजे पाऊस उतरला असं नाही. तो एका बाजूला सरकेल आणि तिथे भरपूर पडेल. सखल भागातल्या लोकांनी एवढ्यात परत जाऊ नये." निवेदिकेने हात जोडले. चौकटताईची बोटं तेव्हा कुठे पावसासाठी वर उठली होती. समोरच्या पडद्यावरची तिची चौकट नाहीशी झाली आणि गादीची जाहिरात लागली. कॅमेरा बंद झाला होता, तरी सवयीने तिने ते वाक्य शेवटपर्यंत पुरं केलं.

असं पूर्वीही व्हायचं. कधी एखादं धन्यवाद कापलं जायचं, कधी उद्याच्या तापमानातला एखादा आकडा. तिने निर्मात्याला सांगितलं, तो म्हणाला, "पुढच्या बातमीपत्रात घेऊ ताई," आणि त्याच्या दुसऱ्या कानाला लागलेल्या फोनवर बोलत निघून गेला.

रंगभूषेच्या खोलीत तिने फोन पाहिला. दादाचा व्हिडिओ आला होता. मागे सगळी मंडळी दात काढून हसत होती. दादाने डावा हात उभा धरला, पंजा फिरवला, दोन बोटांची कात्री केली आणि मिटली. पंजा पडला. त्याने जीभ बाहेर काढून डोळे फिरवले.

"मेलं," तो हातांनी सांगत होता. "मुंडकंच उडवलंस त्याचं. छान केलंस. आम्ही सातजण घरी चाललो. शिलाईची यंत्रं जमिनीवरच राहिलीत, तेवढी वर उचलून ठेवतो. वहिनी इथेच राहतेय, तिला इथला पंखा आवडलाय."

तिने व्हिडिओ पुन्हा पाहिला. तिचीच खूण, तिच्याच झोकात.

तिने फोन लावला. वाजत राहिला. दादा स्कूटरवर असणार आणि फोन खिशात थरथरत असणार, रस्त्याच्या खडखडाटात त्याला ते कळणारही नाही. दुसऱ्या कोणाला त्याला मागून हाक मारायला सांगावं, तर हाकेचा उपयोग नाही. शेजारीपाजारी वस्ती सोडून गेलेले. कॉलेजच्या कचेरीचा फोन सारखा गुंतलेला. वहिनीने व्हिडिओ कॉल उचलला, पण चित्र गोठलं. वहिनीचा हात हवेत अर्धाच उठलेला दिसत होता, आणि त्या अर्ध्या शब्दाचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

ती धावत खाली गेली. साहेब दारात गाडीची वाट पाहत उभे होते.

"साहेब, कातर म्हणजे मुंडकं उडतं ना वादळाचं?"

"मुंडकं?" साहेब गोंधळले. तिने त्यांना खूण करून दाखवली. पंजा पडलेला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"नाही हो. ही माझीच चूक. आमच्यातला शब्द घेतला आणि त्याचं सरळ मराठी केलं. सकाळपासून मी त्यावर खूश होतो."

"मग नेमकं काय होतं ते सांगा. सावकाश सांगा."

"वादळ म्हणजे एक धुराडं समजा," साहेब म्हणाले. "समुद्र गरम असतो. त्याच्यावरची ओली हवा मधोमध वर चढते. वर गेल्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि होताना ती उष्णता सोडते. ही उष्णता बरोबर मध्यावर साठली तर खालची हवा आणखी जोराने ओढली जाते. त्यासाठी धुराडं ताठ उभं पाहिजे. वरचा वारा आणि खालचा वारा वेगवेगळे असले की ते कलतं. उष्णता मध्यावर राहत नाही, बाजूला वाहून जाते. ओढ कमी होते."

"आणि कोरडी हवा?"

"धुराडं कललं की तिला आत शिरायला वाट मिळते. पावसाचे थेंब तिच्यात पडता पडताच सुकतात. अंघोळ करून ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की कशी हुडहुडी भरते? तशीच ती हवा गार पडते. गार म्हणजे जड. ती खाली बसते, आणि वर चढणाऱ्या ओल्या हवेचा गळा धरते. वादळाला धाप लागते."

"म्हणजे मरतंच की."

"लंगडं होतं. वारा मंदावतो, हे खरं. पण ढग गेले कुठे? वरच्या वाऱ्याने ते सगळे एका कुशीला ढकलले. मध्यावर आभाळ मोकळं, ऊनसुद्धा पडेल, आणि सगळा पाऊस त्या एका कुशीत. शिवाय असं लंगडं वादळ रेंगाळतं."

"ती कूस कुठे आहे?"

साहेबांनी फोनवर उपग्रहाचं चित्र काढलं. एकीकडे ढगांची बारीक, उघडी पडलेली भोवरी दिसत होती. तिच्या शेजारी कापसाचा भला मोठा ढिगारा लोटून ठेवावा तसे पांढरे ढग होते. साहेबांनी बोट ठेवलं ती जागा खाडीच्या तोंडाशी होती. "इथे आणि मागच्या डोंगरांवर. म्हणजे वरून पाणी येणार आणि खाडीत उतरणार. संध्याकाळपर्यंत सुरू होईल असं वाटतं. वाटतं म्हणतोय हं. कोरडी हवा आणखी आत घुसली तर पाऊसही आटेल. ते छातीठोक सांगता येत नाही."

"माझा भाऊ परत गेलाय. माझी खूण बघून. बरोबर आणखी सहाजण आहेत."

साहेबांनी आलेली गाडी परत पाठवली.

जिन्याजवळच्या मोकळ्या भिंतीपुढे दोघं उभे राहिले आणि काकांनी फोन धरला. साहेब पुन्हा सगळं बोलले, ती हातांनी सांगत गेली. या वेळी डावा हात पडला नाही. तो कलला, पंजा कललेलाच फिरत राहिला, आणि कललेल्या बाजूने उजव्या हाताची बोटं खाली, खाली, पुन्हा खाली येत राहिली. सखल भागात जाऊ नका, गेला असाल तर आत्ताच उंचावर या. काकांना चित्रण करायची सवय नव्हती, म्हणून चित्र जरा हललं. पण पुन्हा काढत बसायला सवड नव्हती. ओळखीच्या बहिऱ्या लोकांच्या जेवढ्या गटांत ती होती, त्या सगळ्यांत तिने ते टाकलं आणि प्रत्येकाला विनवलं, की पुढे पाठवा. एकेक करून लोकांनी पाहिल्याच्या खुणा उमटू लागल्या. दादाच्या नावापुढे काही उमटेना.

मग ती निर्मात्याकडे गेली. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर एकाच वेळी दहा गोष्टी होत्या. "ताई, चौकट दोन क्षण आधी गेली म्हणून मी चालू कार्यक्रम थांबवू का?"

"सात माणसं परत गेलीत," ती म्हणाली. "मला माहीत आहेत ती सात. बाकीची किती गेली ते मला माहीत नाही."

निर्मात्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग वरिष्ठांना फोन केला, तिकडे बराच वाद घातला, आणि फोन ठेवून म्हणाला, "मधे तोडता येणार नाही म्हणतात. पण संध्याकाळचं बातमीपत्र यानेच उघडू. आणि तुम्ही हात खाली घेईपर्यंत चौकट हलणार नाही. हे मी बघतो."

संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा काढायचा ते तिला कळेना. वहिनीचा संदेश आला, "हा अजून परतला नाही. इथे ऊन पडलंय." थोड्या वेळाने दुसरा आला, "काळोख दाटून आला." मग तिसरा, "पाऊस. पलीकडचं काही दिसत नाही. मी खाली जाते." तिने घाईने लिहिलं, "जाऊ नकोस. तुझ्यामागे मग कोण जाईल?" उत्तर आलं नाही. वहिनी ऐकून बसली की निघाली, हेही कळायला मार्ग उरला नाही.

बातमीपत्र सुरू झालं. साहेब बोलू लागले. मुद्दामच सावकाश बोलत होते, आणि पावसाचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, म्हणजे तिलाही ते दोनदा सांगता येईल. तिने सांगितलं. साहेब थांबल्यावरही चौकट जागेवर होती. काचेमागे निर्माता हाताची घडी घालून उभा होता. समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा पेटलेला. तेवढ्या वेळात भुवईवर बोट टेकवून "दादा, माघारी फिर" एवढं सांगून होण्यासारखं होतं. तिचं बोट उठलंही. पण त्या पाण्यात एकटा दादाच नव्हता, आणि ते शब्द साहेबांचे नव्हते. तिने बोट खाली आणलं, पावसाचं वाक्य तिसऱ्यांदा सांगितलं आणि हात खाली घेतले.

त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. आरशापुढच्या खुर्चीत बसून राहिली. काका जाताना आपली शाल तिच्या खुर्चीवर ठेवून गेले.

सकाळी उजाडल्यावर वहिनीचा व्हिडिओ आला. वहिनी टेकडीवरच होती, रडून रडून डोळे सुजलेले. तिने फोन फिरवला. पिवळी ताडपत्री पांघरलेला दादा पायरीवर बसला होता. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काय घडलं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ते वस्तीत पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि वारा अगदी मवाळ. सगळ्यांनी सरकारची यथेच्छ टिंगल केली. दादा यंत्रं टेबलावर चढवत होता. पाऊस लागला तो दिसला, पण नुसता पाऊस म्हणून कोणी मनावर घेतला नाही. मागच्या अंगाने पाणी आत शिरतंय याचा आवाज ऐकायला तिथे कोणाला कान नव्हते. चपला तरंगत पुढे आल्या तेव्हा समजलं. नेमक्या त्याच वेळी बर्फाच्या कारखान्यातल्या धाकट्या भावाच्या फोनवर, दूरच्या शहरातल्या कोणा मित्राने पाठवलेली, जिन्यापाशी काढलेली ती चित्रफीत उघडली. कललेला हात आणि खाली येणारी बोटं पाहताच त्याने दादाच्या हातातलं यंत्र हिसकावलं आणि टाकून दिलं. सगळ्यांच्या स्कूटर पाण्यात बंद पडल्या. कमरेइतक्या पाण्यातून, ताडपत्रीचा दोर एकमेकांच्या कमरेला बांधून, ते पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यापर्यंत गेले. तिथे चढताना पॉलिशबाबांचा पाय निसटला आणि खुब्याचं हाड मोडलं.

अंधारात बचावाची होडी आली होती. होडीतले लोक हाका मारत होते, असं नंतर कळलं. वरून उत्तर आलं नाही म्हणून ती पुढे गेली. वरच्यांना तिचा दिवा दिसला तो लांब जाताना. मग दादाने पिवळी ताडपत्री चौथऱ्यावरून खाली सोडून बांधली, आणि पहाटेच्या होडीला ती दिसली.

रस्ता मोकळा झाल्यावर ती गेली. दुकानाच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या. यंत्रं गाळात रुतलेली. दादा फावड्याने गाळ उपसत होता. तिला पाहून त्याने फावडं ठेवलं.

"तू कापलंस," त्याने हात केले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"हो. कापलं."

"पॉलिशबाबा पुन्हा धड चालणार नाहीत."

"मला माहीत आहे. दवाखान्यातून येतेय. डॉक्टरांचं त्यांना मीच सांगितलं."

दादाने पुन्हा हात उचलले. तेवढ्यात वहिनी मधे आली. "तुला यंत्रांपायी जायचंच होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "हिने नुसती फुंकर मारून दाखवली असती तरी तू निघाला असतास. वर मी पंख्यासाठी मागे राहिले असं हिला सांगितलंस, ते वेगळंच."

दादा हसला नाही. पण त्याने बसायला एक पालथी बादली पुढे सरकवली.

बादलीवर बसून तिने विचारलं. "संध्याकाळी मी तुझं नाव घेणार होते. घेतलं नाही. घ्यायला हवं होतं का?"

दादाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "बातम्यांत माझं नाव दिसलं असतं, तर मला वाटलं असतं मी मेलोय आणि तू ते जाहीर करतेयस." मग त्याने पुन्हा फावडं उचललं. त्याचा राग गेला नव्हता. तो पुढे कित्येक महिने राहिला, आणि त्याचे व्हिडिओ येणं बंदच झालं.

वाहिनीत काही गोष्टी बदलल्या. साहेब बातमीपत्राच्या आधी येऊन तिच्याजवळ बसू लागले आणि अवघड शब्द दोघं मिळून सोडवू लागले. तिची चौकट तिने हात खाली घेतल्यावरच जाऊ लागली. पण तिच्या मनातली धास्ती काही केल्या जाईना. एखादी खूण फार सुरेख जमली की आता तिला आनंद होण्याऐवजी धस्स व्हायचं. आपण यात काय कापलं असेल, हा विचार घरी जाईपर्यंत पाठ सोडायचा नाही.

पुढे आणखी एक वादळ आलं, पहिल्यापेक्षा मोठं. दादाने तोवर वरच्या रस्त्याला नवं दुकान घेतलं होतं, पण राहायचा तो खालीच. इशारा आला त्याच दिवशी तो सगळ्यांना घेऊन कॉलेजात गेला. पॉलिशबाबांना त्याने पाठीवर उचलून नेलं. वादळ समुद्रात असतानाच कोरडी हवा त्याच्या पोटात शिरली, धुराडं मोडून पडलं, आणि किनाऱ्यावर चार थेंबसुद्धा आले नाहीत. साहेब म्हणाले, "या खेपेला हवा आपल्या बाजूने होती. पुढच्या खेपेचं मला विचारू नका."

त्या दिवशी दादाचा व्हिडिओ आला. कपाळाला आठ्या, मागे घोरत पडलेले पॉलिशबाबा.

"उगाच आणलंस आम्हाला इथे," तो म्हणत होता. "पाठ मोडली माझी. एक थेंब नाही."

तिने फोन टेबलाला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात मोकळे करून उत्तर दिलं, "हो रे दादा. उगाच."